एकाच पेटीत दोन सारखे वूफर बसवले तर खर्ज खोल जातो, की नुसता आवाज वाढतो?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. बैठकीच्या खोलीत मी स्वतः बांधलेली स्पीकरची जोडी वापरतो. प्रत्येक पेटीत साडेसहा इंची एक वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि एक डोम ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) आहे. पेटी बंद, म्हणजे पोर्ट (हवा आतबाहेर करणारी नळी) नसलेली, असून आतून निव्वळ १४ लिटरची आहे. गायकाचा आवाज, सतार, व्हायोलिन यांबाबत माझी तक्रार नाही. मात्र पखवाजाची थाप आणि तंबोऱ्याचा खर्ज हवा तसा भरत नाही, आणि आवाज चढवला की वूफरचा कोन, म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका पुढेमागे होऊ लागतो.

याच मॉडेलचे आणखी दोन वूफर मला नुकतेच मिळाले. कागदावरची आकडेवारी अशी आहे: रोध ८ ओहम, अनुनादाची वारंवारता ४० हर्ट्झ, एकूण क्यू (अनुनाद किती ठळक आहे याचे माप) ०.४०, व्हीएएस (कोनाच्या सस्पेन्शनइतकीच लवचिक असलेली हवा किती, ते माप) ३० लिटर, संवेदनशीलता ८७ डेसिबल, आणि कोनाची एका दिशेची उपयुक्त हालचाल ५ मिलिमीटर. आहे त्याच पेटीच्या पुढच्या फळीला आणखी एक भोक पाडून दुसरा वूफर बसवला तर खर्ज खाली उतरेल का? की त्यासाठी पेटीच बदलावी लागेल? अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘४ ते १६ ओहम’ असे छापलेले आहे.

ओहमकार

आधी जोडणीचे पाहू, कारण ती चुकली तर भुर्दंड वूफरला नव्हे, अ‍ॅम्प्लिफायरला बसतो.

८ ओहमचे दोन वूफर पॅरलल जोडले की भार ४ ओहम होतो आणि सिरीज जोडले की १६ ओहम. पॅरलल जोडणीत प्रत्येक वूफरला पूर्ण व्होल्टेज मिळते, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरकडून दुप्पट शक्ती ओढली जाते आणि त्यापोटी ३ डेसिबल वाढतात. दोन कोन एकमेकांजवळ असले की खालच्या वारंवारतांना त्यांचे दाब एकाच तालात मिळतात आणि त्यातून आणखी ३ डेसिबल पदरात पडतात. म्हणजे तुमचे ८७ डेसिबल ९३ होतात. त्यांतले पहिले तीन विकतचे आणि पुढचे तीन खरोखरच फुकटचे. सिरीजमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे व्होल्टेज, म्हणून पाव शक्ती येते. दोघांचा मिळून आवाज एका वूफरइतकाच, म्हणजे ८७ डेसिबलच, राहतो, पण तेवढ्यासाठी शक्ती निम्मीच लागते. चार वूफर दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून पॅरलल जोडले तर भार पुन्हा ८ ओहम होतो आणि पूर्वीच्याच शक्तीत ६ डेसिबल जास्त मिळतात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसोबत बारा इंची चार स्पीकरची जी प्रसिद्ध चौकोनी पेटी दिसते, तिच्यात बहुधा हीच जोडणी असते.

तीन वूफरच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिन्ही पॅरलल केले तर भार पावणेतीन ओहमच्याही खाली जातो, तिन्ही सिरीज केले तर २४ ओहम होतो, आणि दोन पॅरलल करून तिसरा सिरीजमध्ये घेतला तर त्या एकट्याला बाकीच्या प्रत्येकाच्या चौपट शक्ती मिळते. आवाज येतो, पण वूफरच्या आतली कॉइल (व्हॉइस कॉइल) जळायची वेळ आली की ती कोणाची जळणार हे आधीच ठरलेले असते.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ‘८ ओहम’ हा नाममात्र आकडा आहे. मल्टिमीटर लावला तर अशा वूफरच्या कॉइलचा रोध साधारण ६ ओहम भरतो, म्हणून पॅरलल जोडीचा प्रत्यक्ष भार काही वारंवारतांना ३ ओहमच्या आसपास उतरतो. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहम चालवतो असे लिहिले आहे, तेव्हा घरगुती आवाजाला तो कुरकुर करणार नाही. मूळचे ४ ओहमचे वूफर असते तर मी पॅरलल जोडणीला स्पष्ट नकार दिला असता.

ध्वनिवेडी

ओहमकार यांनी सांगितलेले ६ डेसिबल पेटी दुप्पट केली तरच सगळ्या वारंवारतांना मिळतात, आणि मंद्रसप्तक यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर याच अटीत दडलेले आहे.

दोन सारखे वूफर एकत्र चालवले की त्यांची अनुनादाची वारंवारता आणि क्यू बदलत नाहीत, मात्र व्हीएएस दुप्पट होते, कारण हवेला ढकलणारे क्षेत्रफळ दुप्पट झालेले असते. एका वूफरसाठी तुमचा हिशेब असा होतो: ३० भागिले १४ म्हणजे २.१४, त्यात १ मिळवून वर्गमूळ काढले की १.७७. या पटीने ४० हर्ट्झचे ७१ हर्ट्झ होतात आणि ०.४० चा क्यू ०.७१ होतो. बंद पेटीसाठी हा क्यू अगदी नमुनेदार आहे. पेटी ज्याने ठरवली त्याने नीट ठरवली आहे.

आता त्याच १४ लिटरमध्ये दुसरा वूफर घाला. व्हीएएस ६० लिटर होते, पट २.३० होते, अनुनाद ९२ हर्ट्झवर चढतो आणि क्यू ०.९२ होतो. एका बिऱ्हाडाच्या खोलीत दोन बिऱ्हाडे कोंबल्यासारखे हे आहे. प्रत्येक कोनाच्या मागे हवेची जी स्प्रिंग असते ती दुप्पट ताठ होते, कारण एक कोन आत येतो तेव्हा दुसराही त्याच वेळी आत येत असतो. परिणामी दीडदोनशे हर्ट्झच्या वर तुम्हाला पूर्ण ६ डेसिबल मिळतील, १४० हर्ट्झच्या सुमारास त्याहून थोडे अधिकच मिळतील, पण ३० हर्ट्झला जेमतेम २ डेसिबल. वरचा भाग सहाने वाढला आणि तळ दोनने, म्हणजे कानाला खर्ज पूर्वीपेक्षा कमी झाल्यासारखा वाटेल. दुसरा वूफर बसवूनही ‘बेस पातळ झाला’ अशी तक्रार करणारे लोक असतात, ती याच कारणाने.

तेच दोन वूफर २८ लिटरच्या पेटीत घातले तर अनुनाद पुन्हा ७१ हर्ट्झ, क्यू पुन्हा ०.७१ आणि वाढ सर्वत्र ६ डेसिबल. मात्र खर्ज याही पेटीत अधिक खोल जात नाही. उतार जिथे सुरू होत होता तिथेच सुरू होतो, फक्त सगळी रेघ ६ डेसिबलने वर सरकते.

मग दोन वूफर लावण्यात मिळवायचे काय? तुम्ही लिहिलेले ते डोळ्यांना दिसणारे कोनाचे हलणे. तेवढाच आवाज काढायला दोघांतला प्रत्येक कोन निम्माच हलतो. कोन जसजसा त्याच्या मर्यादेकडे जातो तसतशी विकृती झपाट्याने वाढते, म्हणून हालचाल निम्मी होणे ही मोठी गोष्ट आहे. साडेसहा इंची कोनाचे क्षेत्रफळ १३५ चौरस सेंटिमीटर आणि हालचाल ५ मिलिमीटर धरली तर ४० हर्ट्झला एक वूफर एका मीटरवर जास्तीत जास्त ८९ डेसिबलच्या आसपास देऊ शकतो. मग अ‍ॅम्प्लिफायर कितीही मोठा असो. दोन वूफर ९५ देतात आणि चार १०१. शिवाय वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी हालचाल चौपट लागते, त्यामुळे खालच्या सप्तकात क्षेत्रफळाला पर्याय नसतो.

तंबोऱ्याबद्दल एक जाता जाता. काळी एकच्या षड्जाला खर्जाची तार ६९ हर्ट्झला बोलते, म्हणजे तिचा मूळ स्वर आजही तुमच्या पेटीच्या उताराच्या तोंडाशीच आहे, तो हरवलेला नाही. शिवाय जवारीमुळे तंबोऱ्याचा भरणा मूळ स्वरापेक्षा वरच्या आंदोलनांत असतो. तोही जर पातळ लागत असेल तर दोष १०० हर्ट्झच्या खाली नसून २०० ते ५०० च्या पट्ट्यात असावा अशी मला शंका आहे. तुमच्या पेटीची रुंदी किती आहे, आणि क्रॉसओव्हरमध्ये (वूफर आणि ट्वीटरला आपापल्या वारंवारता वाटून देणाऱ्या परिपथात) पुढच्या फळीच्या रुंदीची भरपाई केलेली आहे का?

जुनी तबकडी

चर्चा उत्तम चालली आहे. एक ऐतिहासिक दाखला द्यावासा वाटतो. बोस ९०१ हा स्पीकर १९६८ साली बाजारात आला, तेव्हा त्यात साडेचार इंची एकसारखे नऊ ड्रायव्हर होते: एक समोर आणि आठ मागच्या दोन तिरक्या बाजूंवर. ट्वीटर नव्हता, वूफर नव्हता, क्रॉसओव्हरही नव्हता. प्रत्येक ड्रायव्हर ०.९ ओहमचा आणि नऊही सिरीजमध्ये, म्हणजे एकूण सुमारे ८ ओहम. पेटी लहान होती. ध्वनिवेडी म्हणतात त्याप्रमाणे अशा पेटीत खर्ज लवकर पडायलाच हवा, आणि तो पडतही असे. त्यावर अमर बोस यांचा उपाय म्हणजे सोबत दिलेली इक्वलायझरची स्वतंत्र डबी. ती पडलेला खर्ज आणि वरची टीप दोन्ही विजेच्या पातळीवर उचलून देई. डबीशिवाय तो स्पीकर ऐकणे म्हणजे निव्वळ मध्यसप्तक ऐकणे.

हा स्पीकर अनेक दशके विकला गेला. तेव्हा लहान पेटीत अनेक ड्रायव्हर ही कल्पना मुळातच टाकाऊ आहे असे मानू नये. आज तर डीएसपीमुळे, म्हणजे ध्वनीवर अंकीय प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेमुळे, असा इक्वलायझर करणे सोपे झाले आहे.

ध्वनिवेडी

तबकडीकाका, दाखला चपखल आहे, पण तो माझे म्हणणे खोडत नाही. बंद पेटीचा उतार सरळ आणि ठाऊक असलेला असतो, त्यामुळे तो विजेने उचलता येतो. झिगफ्रीड लिंकविट्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे परिपथ नेमके हेच काम करते. प्रश्न किंमत कुठे मोजायची एवढाच आहे. पेटी लहान ठेवली तर ती वॉटमध्ये मोजावी लागते: ६ डेसिबल उचलायचे तर शक्ती चौपट, १० उचलायचे तर दहापट. ती सगळी व्हॉइस कॉइलमध्ये उष्णता होऊन उतरते, आणि गरम कॉइलचा रोध वाढून ऐन मोठ्या आवाजाला संवेदनशीलता घटते. अनेक ड्रायव्हर असले की ही उष्णता वाटली जाते, ९०१ मध्ये नऊ कॉइली होत्या त्याचा हा फायदा. ज्यांच्याकडे जागा नाही आणि अ‍ॅम्प्लिफायर दणकट आहे त्यांनी तो मार्ग जरूर घ्यावा. मंद्रसप्तक यांच्याकडे जमिनीवर जागा असेल तर लाकूड स्वस्त पडेल.

पेठेतला

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत स्पीकरचे सामान घेणाऱ्यांकडून मी नेहमी ऐकत आलो आहे की सिरीज जोडणीत डॅम्पिंग मारले जाते. एका वूफरच्या आड दुसऱ्याचा रोध उभा राहतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला कोनावर पकड ठेवता येत नाही आणि बेस ढिला होतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून मी सिरीजच्या वाटेला कधी जात नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

ओहमकार

पेठेतले राव, हा समज सर्वत्र आहे आणि तर्कही वरवर पटण्यासारखा आहे. तो लागू होतो दोन वेगवेगळ्या वूफरना, सारख्या वूफरना नाही.

दोन्ही वूफर हुबेहूब सारखे आणि सारख्याच हवेवर काम करणारे असले तर दोघांच्या कॉइलमध्ये उलट दिशेची जी वीज तयार होते ती प्रत्येक क्षणी सारखीच असते. त्यामुळे दोघांच्या मधल्या सांध्यावर कायम बरोबर निम्मे व्होल्टेज राहते. त्या सांध्यावर निम्म्या व्होल्टेजचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तरी त्यातून प्रवाह वाहणार नाही, म्हणजे प्रत्येक वूफर आपापल्या अ‍ॅम्प्लिफायरला थेट जोडल्यासारखाच वागतो. गणिताने पाहिले तरी तेच: सिरीजमध्ये कॉइलचा एकूण रोध दुप्पट आणि हलणारे वजनही दुप्पट होते, पण चुंबकाच्या बळाचा वर्ग चौपट होतो आणि क्यू जिथल्या तिथे राहतो.

खरा धोका आहे तो न जुळणाऱ्या जोडीचा. एकाचा अनुनाद ४० हर्ट्झला आणि दुसऱ्याचा ४८ ला असला तर अनुनादापाशी ज्याचा रोध जास्त तो व्होल्टेजचा मोठा वाटा घेतो, आणि हा वाटा वारंवारतेप्रमाणे बदलत राहतो. पॅरललमध्ये व्होल्टेज दोघांना सारखेच असल्यामुळे असा गोंधळ कमी होतो. जुना वापरलेला वूफर आणि कोरा वूफर यांची जोडी सिरीजमध्ये लावू नये, कारण वापराने सस्पेन्शन सैल होऊन अनुनाद खाली आलेला असतो. मंद्रसप्तक यांनी जुना-नवा अशी जोडी करण्यापूर्वी नवे वूफर थोडे दिवस वाजवून मोकळे करावेत आणि मग चारही मोजून जुळणाऱ्या जोड्या लावाव्यात.

मांडववाला

आम्ही सांगली भागात मांडवाचे आणि साउंडचे काम करतो, त्यामुळे घरगुती पेट्यांबद्दल अधिकाराने बोलणार नाही. पण एकासारखे एक अनेक स्पीकर लावणे हा आमचा रोजचा व्यवहार आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे अंतर. दोन अठरा इंचीची एक बेस पेटी, अशा पेट्या एकाला एक चिकटवून रचल्या की पेट्या दुप्पट झाल्यावर आवाज ६ डेसिबलने वाढतो, हे आम्ही मैदानावर अनुभवतो. त्याच पेट्या स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकांना वाटल्या की मधोमध बेस दणकतो, चार पावले बाजूला सरकले की गायब होतो, आणि पुढे गेले की पुन्हा येतो. सामान तेच, शक्ती तीच. जवळ असलेले स्पीकर एक स्पीकर म्हणून वागतात, लांबचे एकमेकांशी भांडतात. जवळ म्हणजे किती, हे वारंवारतेवर ठरते.

दुसरी गोष्ट उभ्या-आडव्याची. देवळात, रेल्वे स्टेशनवर लांबट कॉलम स्पीकर असतात, त्यात लहान कोन एकावर एक उभे लावलेले असतात. असा कॉलम उभा असताना आवाज डावीकडे-उजवीकडे रुंद पसरतो आणि वर-खाली आवळला जातो, म्हणून तो छताकडे वाया न जाता माणसांवर पडतो. मंगल कार्यालयात सजावटीच्या आड येतो म्हणून कोणीतरी तो कॉलम आडवा बांधायला लावतो, आणि मग समोरच्या पट्ट्यात बसलेल्यांनाच मंगलाष्टका कळतात, बाजूच्यांना नुसता गोंगाट. १९९२ साली फ्रान्समध्ये एल-अकूस्टिक्सने व्ही-डॉस्क ही लाइन अ‍ॅरे आणली, आणि आज मोठ्या कार्यक्रमांत स्टेजच्या दोन्ही बाजूंना ज्या माळा टांगलेल्या दिसतात त्या तिच्याच वंशातल्या. त्यांतही पेट्या एकाखाली एकच असतात, शेजारी शेजारी नाही. तुमचे दोन वूफर शेजारी लावायचे मनात असेल तर आत्ताच काढून टाका.

ध्वनिवेडी

मांडववाले यांनी सांगितले त्याचा आकडा असा. दोन वूफरच्या केंद्रांत २० सेंटिमीटर अंतर असेल आणि ते शेजारी शेजारी असतील, तर ३० अंश बाजूला बसलेल्या माणसाला एका वूफरचा आवाज १० सेंटिमीटर जास्त चालून येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १७१५ हर्ट्झला १० सेंटिमीटर म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी, म्हणजेच त्या वारंवारतेला दोघे एकमेकांना पुसून टाकतात. हा पट्टा गायकाच्या उच्चारांचा आहे. तेच वूफर एकावर एक ठेवले की हा खड्डा वर-खाली जातो, आणि आपण सहसा ३० अंश वर किंवा खाली बसून ऐकत नाही.

मध्ये ट्वीटर आणि वर-खाली एकेक वूफर अशी सममित मांडणी जोसेफ दापोलितो यांनी १९८० च्या दशकात प्रचारात आणली, तीही उभी ठेवण्यासाठीच. टीव्हीखालचा सेंटर स्पीकर म्हणून ती आडवी टाकतात तेव्हा सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यांना संवाद नीट ऐकू येत नाहीत, हे वर सांगितलेल्या कॉलमचेच घरगुती रूप.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. ध्वनिवेडीताई, पेटीची बाहेरची रुंदी २२ सेंटिमीटर आहे. क्रॉसओव्हरमध्ये रुंदीची भरपाई अशी काही नाही. वूफरला एक कॉइल व एक कपॅसिटर आणि ट्वीटरला तसेच, एवढेच आहे. पेटी भिंतीपासून दोन फूट पुढे स्टँडवर आहे. जमिनीवर उभी पेटी ठेवायला जागा आहे.

ध्वनिवेडी

मग तुमच्या दुखण्याचे मूळ बहुधा सापडले.

उंच वारंवारतेचा आवाज पेटीच्या पुढच्या फळीवरून पुढच्या पुढे जातो. तरंगलांबी फळीच्या मानाने मोठी झाली की तोच आवाज पेटीला वळसा घालून मागेही पसरतो आणि समोर ६ डेसिबलपर्यंत घटतो. हे संक्रमण कुठे होते त्याचा ढोबळ नियम म्हणजे ११५ भागिले मीटरमधली रुंदी. तुमच्याकडे ते ५२० हर्ट्झच्या आसपास येते. भिंत आणि जमीन काही भाग परत देतात, पण पेटी स्टँडवर आणि भिंतीपासून दूर असल्यामुळे तो पुरेसा नाही. तेव्हा ५०० च्या खालचे सगळेच, खर्ज, पखवाजाचे धूम, पुरुषी आवाजाचा घुमारा, काही डेसिबलने मागे आहे. एका वूफरवर याची भरपाई करायची तर वरचा भाग दाबावा लागतो आणि ८७ चे ८२ होतात.

दुसरा सारखा वूफर इथेच खरा उपयोगी पडतो. वरचा वूफर आज आहे तसाच ट्वीटरपर्यंत चालू द्यायचा. खालच्या वूफरला क्रॉसओव्हरमध्ये मोठी कॉइल घालून तो सुमारे ५०० हर्ट्झपासून वर हळूहळू गप्प करायचा. खालच्या पट्ट्यात दोन्ही वूफर मिळून ६ डेसिबल वाढवतात, फळीचा वळसा तेवढेच काढून घेतो, आणि ८७ चे ८७ राहतात. ट्वीटरची पातळी बदलावी लागत नाही. वरच्या पट्ट्यात एकच वूफर बोलत असल्यामुळे मघाशी सांगितलेला खड्डाही पडत नाही. या रचनेला अडीच-वे म्हणतात. कॉइलचा अंदाज ८ ओहमला ५०० हर्ट्झसाठी अडीच मिलिहेन्री इतका येतो. अंतिम आकडा मात्र माइक लावून मोजून आणि खोलीत ऐकून ठरवावा, भिंतीजवळ पेटी ठेवणाऱ्याला कमी भरपाई लागते.

कॉइल बारीक तारेची घेऊ नका. तिचा स्वतःचा रोध ०.६ ओहम असला तरी ६ ओहमच्या वूफरचा विद्युत क्यू दहा टक्क्यांनी वाढतो आणि दोन्ही वूफर मग तंतोतंत सारखे उरत नाहीत.

सुतारपक्षी

आता लाकडाचे बोलतो. २८ लिटर निव्वळ हवे असेल तर आतून १८ सेंटिमीटर रुंद, २२ खोल आणि ८० उंच घ्या. ते ३१.७ लिटर होतात. त्यातून दोन वूफरची चुंबके, आडव्या पट्ट्या, क्रॉसओव्हर आणि मधली फळी वजा जाता २८ च्या आसपास उरतात. १८ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला मरीन प्लाय चालेल. वूफरची दोन भोके जवळ आली की मध्ये अरुंद पट्टी उरते आणि पुढची फळी नेमकी तिथेच कमजोर होते, म्हणून भोकांच्या पाठीमागे त्या पट्टीला आडवा आधार द्यावा. वूफर बसण्यासाठी राउटरने जी खाच मारतो ती आधी मारून घ्यावी आणि आरपार भोक नंतर कापावे; उलट क्रमाने केले तर राउटरला मधला आधारच उरत नाही.

मधली फळी हा वादाचा विषय आहे, पण माझे मत ठाम आहे: ती पूर्ण बंद असावी, भोके पाडलेली नको. पेटीचे १४-१४ लिटरचे दोन स्वतंत्र कप्पे करावेत. हवेच्या हिशेबात फरक पडत नाही, मात्र दोन फायदे होतात. ८० सेंटिमीटर उंच मोकळ्या पेटीत २१४ हर्ट्झला हवा उभ्या दिशेने घुमते. ४० चे दोन कप्पे केले की ती घुम ४२९ वर जाते आणि तिथे थोड्याशा रॉकवूलने शोषली जाते. दुसरे म्हणजे दोन्ही वूफर एकाच हवेत असताना एकाची कॉइल तुटली, तर तो मेलेला कोन दुसऱ्याच्या दाबाने उलट्या दिशेने हलत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कोन हलताना दिसतात, म्हणून बिघाड कळतच नाही, आणि जिवंत वूफरच्या मागची हवा अचानक सैल झाल्यामुळे तो मर्यादेबाहेर धावतो. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या पेट्यांत हे पाहिले आहे. अँपेग कंपनीची १९६९ पासूनची दहा इंची आठ स्पीकरची बेस गिटारची पेटीही आतून चार बंद कप्प्यांची आहे, प्रत्येकात दोन.

ओहमकार

त्या पेटीतली जोडणीही पाहण्यासारखी आहे. तिच्यात ३२ ओहमचे आठ स्पीकर सरळ पॅरलल असतात, म्हणून एकूण ४ ओहम. एक स्पीकर गेला तरी बाकीचे सात वाजत राहतात. सिरीजमध्ये एक गेला की त्याच्या साखळीतले सगळे गप्प.

जुनी तबकडी

दोन वूफर एकामागे एक, एका बंद नळकांड्यात बसवून अर्ध्या पेटीत काम भागवण्याची आयसोबॅरिक पद्धतही आहे. हॅरी ऑल्सन यांची ही कल्पना लिन कंपनीने १९७० च्या दशकात आपल्या आयसोबारिक स्पीकरमध्ये वापरली. ती इथे सुचवावी का?

ध्वनिवेडी

काका, मी सुचवणार नाही. त्या रचनेत व्हीएएस निम्मे होते म्हणून पेटी निम्मी लागते, एवढाच लाभ. बाहेरच्या हवेला एकच कोन लागलेला असल्यामुळे आवाजाची कमाल मर्यादा एका वूफरचीच राहते, आणि मंद्रसप्तक यांची अडचण नेमकी तीच आहे. दोन वूफर पेटीच्या विरुद्ध बाजूंना पाठीला पाठ लावण्याची युक्ती मात्र निराळी आणि चांगली आहे. त्यात दोघांचे धक्के एकमेकांना रद्द करतात आणि पेटी हादरत नाही. केईएफ कंपनीच्या ब्लेड या स्पीकरमध्ये नऊ इंची चार वूफर असेच दोन्ही बाजूंना आहेत. ती सबवूफरला शोभते, ५०० हर्ट्झपर्यंत चालणाऱ्या वूफरला नाही.

मंद्रसप्तक

तर मग २८ लिटरची, दोन कप्प्यांची, अडीच-वे उभी पेटी नक्की करतो. पुढे कधी पोर्ट काढायचा विचार झाला तर दोन्ही कप्प्यांना वेगळा पोर्ट लागेल ना? आणि दोन्ही वूफर एकाच फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाच वेळी एकाच दिशेने हलतात, हे पेटी बंद झाल्यावर कसे तपासायचे?

सुतारपक्षी

होय, प्रत्येक कप्प्याला स्वतःचा पोर्ट, आणि दोन्हींचा व्यास व लांबी सारखी. मोकळ्या पेटीत दोन वूफरना मिळून एकच पोर्ट ठेवायचा असता तर त्याचे क्षेत्रफळ दुप्पट करावे लागले असते, नाहीतर मोठ्या आवाजाला फुसफुस ऐकू येते. तुमचा ०.४० क्यूचा वूफर पोर्टलाही चालेल, पण तेव्हा कप्प्याचे लिटर नव्याने काढावे लागतील, १४ वर अडून राहू नका.

ओहमकार

फेज तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरेसा आहे. पेटीच्या मागच्या टर्मिनलवर अधिकला अधिक, उणेला उणे असा क्षणभर टेकवा. दोन्ही कोन एकदमच पुढे आले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर त्या वूफरच्या तारा उलट्या लागल्या आहेत. खालच्या वूफरच्या वाटेत फक्त कॉइल असल्यामुळे ही चाचणी क्रॉसओव्हरमधूनही चालते, ट्वीटरच्या वाटेत मात्र कपॅसिटर असतो म्हणून त्याची फेज अशी कळणार नाही. त्याच्या तारा आत असतानाच खूण करून ठेवा. सेल दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवून धरू नका.